दोन वाजताचा चोर

३ फेब्रुवारी, सोमवार

ही वही मी हौसेने सुरू केलेली नाही. विद्यापीठाच्या संगणक केंद्रातून आज फोन आला. बोलणारी मुलगी होती. म्हणाली, "काका, तुमच्या क्वार्टरमधल्या कॉम्प्युटरवर रोज दुपारी दोन वाजता बाहेरून कुणीतरी येतंय."

मी म्हणालो, "दोन वाजता मी कामावर असतो."

"म्हणूनच येत असेल."

मी सांगितलं की तो कॉम्प्युटर माझा नाही, माझ्या मिसेसचा आहे, आणि त्या ऑक्टोबरमध्ये वारल्या. ती म्हणाली, "बरं, मग त्यांना सांगा की पासवर्ड..." आणि थांबली. मग तीन वेळा सॉरी म्हणाली. मी म्हणालो, असू द्या. तिच्यासमोर दोनशे मशिनांची यादी आहे, ती वाचून दाखवत होती बिचारी.

तिने एक छापील कागद पाठवला आहे. त्यात अकरा गोष्टी करायला सांगितल्या आहेत. मशीन २१ तारखेला केंद्रात आणायचं, तोपर्यंत रोजची नोंद ठेवायची. येणारा कोण ते कळलं नाही आणि त्याचं येणं थांबलं नाही, तर मशीन पुसणार. न आणल्यास कारवाई.

"पुसणार म्हणजे काय काय?" मी विचारलं.

"सगळं, काका. कोरं करून देऊ."

नोंदीत स्वतःची माहिती लिहा असं कागदावर आहे. वय सत्तावन्न. रसायन विभागाच्या काचशाळेत काम. प्रयोगशाळांच्या काचेच्या नळ्या, चंबू ज्योतीवर बनवतो, फुटलेले जोडतो. ही ग्रंथालयात होती. मूल नाही.

संध्याकाळी हिच्या टेबलावरचं कापड काढलं. मी दर रविवारी कापडावरूनच धूळ झटकत होतो, ऑक्टोबरपासून यंत्र बंद केलेलं नाही की पडदाही उजळलेला नाही. आज उजळला. पत्त्यांचा डाव अर्धा मांडलेला होता, तो एकट्याने खेळायचा. ही खेळायची. राजे-राण्या उघड्या पडलेल्या, एक रकाना रिकामा. हिचा शेवटचा डाव. मी कशालाही हात लावला नाही. कापड परत घातलं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

डाव बदलला आहे. रकाना भरलेला आहे. किलवरच्या सगळ्या पानांचा वर ढीग लागला आहे.

म्हणजे काल पाहिला तोही हिचा नव्हता.

जेवण केलं नाही. भूक नव्हती. नोंदीत हे लिहायचं की नाही ते कागदावर दिलेलं नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कागदावरची पहिली गोष्ट, पासवर्ड. जुना पासवर्ड हिने ग्रंथालयाच्या कार्डावर सुवाच्य लिहून पडद्यालाच चिकटवला होता, वर शीर्षक घालून. कागद म्हणतो असं कधीही करू नये.

नवा ठरवायला दीड तास गेला. हिचं नाव टाकलं. कॉम्प्युटर म्हणाला, कमकुवत. हिला कुणी कमकुवत म्हटलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग माझं नाव टाकलं. तेही कमकुवत. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेवटी काचेच्या एका जातीचं नाव, ती वितळते ते तापमान आणि एक उद्गारचिन्ह, असं मिळून त्याला पसंत पडलं. तो पासवर्ड असा: ▇▇▇▇▇▇▇▇▇▇

(लिहिल्यावर कागद पुन्हा वाचला, म्हणून खोडला.)

अपडेट लावले. एकशे बारा होते. यंत्र तीन वेळा आपोआप बंद होऊन सुरू झालं. तिन्ही वेळा मी टेबलाला धरून उभा होतो.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चोर आजही येऊन गेला. पासवर्डचा त्याच्यावर काही परिणाम नाही. उलट पडद्यावरची अक्षरं दीडपट मोठी करून गेला. कशासाठी, ते कळत नाही. मला चष्म्याशिवाय वाचता येऊ लागलं, पण तो त्याचा हेतू नसणार.

फोटोही उघडे होते. ही पाच-सहा वर्षांची, पुढचे दात पडलेली, स्टुलावर उभी. ही शाळेच्या गणवेशात. ही सायकलवर. यंत्रावर आमच्या लग्नानंतरचे फोटो पुष्कळ आहेत, पण चोराला त्यात रस दिसत नाही.

वरच्या मजल्यावर गणिताचे निवृत्त सर राहतात. त्यांना जिन्यात विचारलं. सर म्हणाले, "उघड आहे! ओळख चोरतात हे लोक. बालपणापासून पद्धतशीर सुरुवात करतात."

"पण पत्ते कशाला खेळतो?"

"तुम्हाला बेसावध ठेवायला."

मी म्हणालो, मी तर घरीच नसतो. सर म्हणाले, "बघा, किती हुशार आहे."

एक कबूल करतो. आजचा डाव अडकलेला वाटला, म्हणून रिकाम्या रकान्यात किलवर राजा ठेवून दिला. उगीच.

९ फेब्रुवारी, रविवार

सरांच्या सल्ल्याने भिंतीतून येणारी नेटवर्कची वायर काढून ठेवली. सरांनी वायरीचं टोक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर दोरी बांधली. "आता या म्हणावं!" म्हणाले. चहा घेतला आणि हिच्या खुर्चीत बसून दोन तास देशाच्या सुरक्षेवर बोलले.

सकाळी मेहुण्याचा नेहमीचा फोन झाला. सासूबाई त्याच्याकडे असतात, रात्रभराच्या प्रवासावर. दर रविवारी मेहुणा शेवटी त्यांच्या हातात फोन देतो. त्या विचारतात, "बरं आहे ना?" मी म्हणतो, "बरं आहे." त्या म्हणतात, "मग ठेवते." एकोणतीस वर्षं असंच बोलतो आम्ही. लग्नाच्या वेळी त्या म्हणाल्या होत्या की मुलीने फुंकणीवाला शोधला. माझ्या पाठीमागे म्हणाल्या, पण काचशाळेतल्या माणसाचे कान शाबूत असतात. मी कधी काढलं नाही ते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

चोर आला नाही. येणारच नव्हता, वायर पिशवीत आहे.

डाव आहे तसा आहे. फोटो आहेत तसे आहेत. मी साडेपाचला आलो, पडदा उजळला, पाहिला, विझवला. सातला पुन्हा पाहिला.

घर फार शांत वाटलं. याचा सुरक्षेशी संबंध नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मेहुण्याचा फोन. बुधवारी कधी करत नाही म्हणून घाबरलो. म्हणाला, "भावजी, आईचं काही कळत नाही. घरचे सांगतात, एरवी दुपारी दोनला खोलीचं दार लावून तासभर झोपते. तीन दिवस झोप नाही, जेवणाकडे लक्ष नाही, मला म्हणते टॅब बिघडला, दुरुस्त करून आण. दुकानात नेला, ते म्हणतात ठणठणीत आहे. तर म्हणते दुकानदार चोर आहे."

मी म्हणालो, वय झालं की झोप कमी होते. डॉक्टरांना दाखव.

संध्याकाळी पिशवी सोडून वायर परत लावली. कारण असं, की चोर येतच नसेल तर तो कोण ते कळणार कसं? २१ तारीख नऊ दिवसांवर आहे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आला! डाव सुटलेला होता. नवा मांडलेला होता.

मेहुण्याला फोन करून चौकशी केली. आई आज जेवली, म्हणाला. औषध लागू पडलं असावं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

केंद्रातली मुलगी स्वतः येऊन गेली. पंचविशीची असेल, च्युइंगगम चघळत होती, हिच्या टेबलाशी आल्यावर तिने ते कागदात गुंडाळून ठेवलं.

मी तिला म्हणालो की गळती शोधणं हे माझंही काम आहे. निर्वात नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तर डोळ्याला दिसत नाही. विजेची कांडी नळीवरून फिरवायची, भोक असेल तिथे ठिणगी आत ओढली जाते.

"इथे भोक नाहीये, काका," ती म्हणाली. "दार आहे. मॅडमनी स्वतः बसवलंय. दूरच्या माणसाला हा कॉम्प्युटर वापरता यावा असा प्रोग्रॅम आहे. तुम्ही पासवर्ड बदलताय, पण एकाला कायमची परवानगी दिलेली आहे. नाव वाचू?"

"वाचा."

"हायकमांड."

मी पुन्हा वाचायला लावलं. तेच होतं.

"आत्ता काढून टाकते," ती म्हणाली. "दोन मिनिटं. मग मशीन पुसायचीही भानगड नको, पण फॉर्मवर कोण होतं ते लिहावं लागेल. ते कोरं ठेवता येत नाही, नाहीतर साहेब पुसायलाच सांगतील."

मी म्हणालो, आत्ता नको. मला एकवीसपर्यंत वेळ द्या.

"काका, रिस्क आहे."

"त्याने चार महिन्यांत पत्त्यांशिवाय काही नेलं नाही."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला आवडायला लागलाय का तो?" मी म्हणालो, भलतंच काय.

आता लिहायला नको ते लिहितो. हिने कुणालातरी कायमची परवानगी दिली होती. मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नसतं. हिची पर्ससुद्धा मी कधी उघडली नाही, छत्री हवी असली तरी पर्स उचलून हिच्याकडे न्यायचो. हायकमांड कोण असेल?

१५ फेब्रुवारी, शनिवार

ग्रंथालयात गेलो. मोठे ग्रंथपाल हिचे वरिष्ठ. दार लावून घेतलं आणि सरळ विचारलं, "साहेब, हिने कधी आपल्याला हायकमांड म्हटलं होतं का?"

ते एकदम सुखावले. "नाही हो. म्हणायच्या का? असं होतं का त्यांच्या मनात?" चहा मागवला. ग्रंथालयात आपला वचक कसा होता ते चाळीस मिनिटं सांगितलं. निघताना माझा हात दोन्ही हातांत धरला.

ते नाहीत. त्यांना पत्ते येत नाहीत, आणि दोन वाजता ते खुर्चीत झोपतात असं शिपाई म्हणाला.

१६ फेब्रुवारी, रविवार

पडद्यावर टिपण लिहून ठेवलं: "महोदय, आपण कोण? हा कॉम्प्युटर खासगी असून माझ्या दिवंगत पत्नीचा आहे. दि. २१ रोजी तो तपासणीस जाणार आहे. आपली ओळख न पटल्यास त्यातील सर्व पुसले जाईल. कृपया कळवावे." सही म्हणून खाली क्वार्टर नंबर टाकला.

फोनवर सासूबाईंनी आज "बरं आहे ना?" नंतर "जेवता ना वेळेवर?" असंही विचारलं. मी गडबडलो. "हो, आपण?" म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग ठेवते."

१७ फेब्रुवारी, सोमवार

उत्तर आलं. माझ्या टिपणाखाली एकच ओळ, मोठ्या अक्षरांत:

"राजा कुणी हलवला होता?"

बस. एवढंच. माझ्याच घरात मला जाब विचारतो!

उद्या अर्धी रजा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

एक वाजताच घरी आलो. पंखा बंद ठेवला, आवाज नको म्हणून. मग लक्षात आलं की त्याला ऐकू जाणार नाही. पंखा लावला.

दोनला दोन मिनिटं कमी असताना पडद्यावरचा बाण आपोआप हलला. बाण सावकाश चालत होता. एखादं पान उचलायचं, ते अर्ध्या वाटेत सुटायचं, मग पुन्हा उचलायचं. मी टिपण उघडून लिहिलं: "मी समोर बसलो आहे. आपण कोण?"

बाण थांबला. मग अक्षरं एकेक करून उमटू लागली.

"आज कामावर नाही गेलात? ताप आहे का?"

"नाही. अर्धी रजा घेतली. आपण कोण?"

"रजा कशाला वाया घालवायची."

"हायकमांड कोण ते सांगा."

मग आलं:

"असं नाव ठेवलं होतं का कार्टीने."

हिला कार्टी म्हणणारं माणूस जगात एकच आहे. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. सासूबाईंसमोर मी बसून कधी बोललेलो नाही.

उभ्यानेच लिहिलं: "सासूबाई, नमस्कार."

फोन वाजला. त्यांनी स्वतः लावला होता, पहिल्यांदा.

"बसा आता," त्या म्हणाल्या. "उभे आहात ना? वाटलंच."

मी बसलो.

त्यांनी सांगितलं ते असं. आजारपणात हिने त्यांना टॅब पाठवला, फोनवर शिकवलं, आणि हिच्याच यंत्रावर दोघी एकच डाव खेळायच्या. ही इथून एक पान हलवायची, त्या तिथून एक. दोन वाजता, कारण तेव्हा मेहुणा कामावर आणि मीही कामावर. आजाराबद्दल बोलायचं नाही अशी अट होती. कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही.

"ती गेल्यावर आठ दिवसांनी बटण दाबून पाहिलं. उघडलं. मग रोज दाबते. बंद होईल त्या दिवशी बघू म्हटलं."

"आपण मला सांगितलं असतंत..."

"तुम्ही बोलता कुठे?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि त्या दिवशी राजा हललेला दिसला," त्या म्हणाल्या. "माझ्या काळजात धस्स झालं. मला वाटलं, तीच. मग चाल नीट पाहिली. म्हटलं, नाही, हे जावईबुवा आहेत. बदाम राजा तयार असताना किलवर आणून कोंबला! माझ्या पोरीने मेल्यावरसुद्धा अशी गाढवासारखी चाल केली नसती."

मी हसलो. मोठ्याने. नंतर पंखा बंद करून थोडा वेळ बसलो.

एकवीस तारखेचंही सांगितलं. येणारं कोण ते मी लिहून दिलं तर पुसणार नाहीत, पण आपलं येणं बंद होईल, विद्यापीठाचा नियम आहे.

"आणि नाही लिहिलंत तर?"

"सगळं जाईल. फोटोही."

"स्टुलावरचा?"

"हो."

"मग लिहा," त्या म्हणाल्या. "वयही लिहा. उगीच कुणाला वाटायला नको."

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

यंत्र चादरीत गुंडाळून रिक्षाने नेलं. केंद्रातल्या फॉर्मवर चौकोन आखलेले होते, ते भरले. घुसखोराची ओळख: सासूबाई. वय: एक्क्याऐंशी. हेतू: पत्ते. झालेलं नुकसान: नाही.

मुलीने वाचलं आणि तोंडावर हात धरला. मग खुर्ची मागे ढकलून ओरडली, "साहेब, सापडला! वर्षातला पहिला सापडला!" सगळे येऊन फॉर्म वाचून गेले. साहेबांनी गंभीरपणे सही केली. पुसायचं नाही, पण प्रोग्रॅम आजच काढायचा.

घड्याळात साडेबारा झाले होते. मी विचारलं, "अडीचनंतर काढला तर चालेल का?"

मुलीने घड्याळ पाहिलं. मग यंत्राच्या वायरी जोडल्या आणि साहेबांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी आत्ता जेवणाची सुटी आहे. नंतर बघते."

दोन वाजता बाण आला. केंद्रातले चौघं जण आमच्या पाठीमागे उभे. "आजी, चौकट अठ्ठी! आजी, डावीकडे!" आजींना यातलं काही ऐकू जाणार नव्हतं. डाव सुटला तेव्हा पडद्यावर पानं उधळली आणि मागे टाळ्या पडल्या. मी टिपणात लिहिलं, "टाळ्या वाजवत आहेत."

उत्तर आलं: "कामं नाहीत का त्यांना?"

मग बाण थोडा वेळ नुसताच थांबला, एका कोपऱ्यात. मी मुलीला खूण केली. तिने माझ्याकडे न बघता बटण दाबलं.

ही वही मी केंद्रात दिली नाही. त्यांच्यासाठी निराळ्या कागदावर सात ओळी लिहून दिल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार

पावणेदोनला काचशाळेला कुलूप लावून घरी आलो. विभागप्रमुखांना सांगितलं की रोज जेवायला घरी जाणार. तीस वर्षांत मी काही मागितलं नव्हतं, ते हो म्हणून मोकळे झाले.

डाव मांडला. बरोबर दोनला फोन लावला.

"कोण?"

"मी. पडद्यावर डाव आहे. वाचून दाखवू का?"

पलीकडे खोलीचं दार लावल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "डावीकडून सुरू करा. आणि सावकाश. लिहून घेत नाही मी, डोक्यात ठेवते."

बावीस मिनिटं बोललो. त्यातली बहुतेक बोलणी मी खाल्ली.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

बदाम दश्शीवर इस्पिक नव्वी ठेवायला सांगितली, मी किलवर नव्वी ठेवली. त्यांनी चार चालींनंतर ओळखलं, तिथे बसून, न बघता. "भट्टीपुढे डोळे गेले का तुमचे?" म्हणाल्या. मग विचारलं की ज्योतीपुढे चष्मा कसला घालता. मी सांगितलं, ज्योतीचा पिवळा उजेड अडवणारा, गुलाबीसर काचेचा. त्या म्हणाल्या, "ती म्हणायची, तुम्ही तो घातला की सिनेमातल्या व्हिलनसारखे दिसता."

हे मला माहीत नव्हतं.

७ मार्च, शुक्रवार

हा डाव बुधवारपासून चालू आहे. तीन दिवस एक डाव चालतो, कारण त्या मध्येच काही सांगायला लागतात आणि वेळ संपतो. काल स्टुलाचं सांगितलं. ते स्टूल फोटो काढणाऱ्याचं होतं आणि ही त्यावरून उतरायला तयार नव्हती.

आज डाव सुटायलाच आला होता. एक बदाम सत्ती उलटली की पुढची सगळी पानं सरळ वर जाणार होती. मी गड्डी उलटली. सत्ती आली. मला स्पष्ट दिसत होती.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. किलवर पंजी."

किलवर पंजी परवाच्या चालीतच वर गेली होती, हे मला बोलल्यावर आठवलं. त्यांना आठवायची गरजच नव्हती.

"बरं," त्या शेवटी म्हणाल्या. "राहू द्या मग. सत्ती कुठे जात नाही. उद्या बघू."

उद्या शनिवार, सुटी आहे. मी म्हणालो, बघू.